सायबीण बुधवारी येतेय आणि 'सत मानतां' माझ्या तोंडून निघत नाही

वसईकर_सासष्टीत (रविवार, रात्री १०:४०)

आधी ओळख. माहेर वसई (पुरुषांनाही माहेर असतं, हसू नका), नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आणि घर सासष्टीतल्या एका गावात, म्हणजे बायकोचं. घरजावई म्हणा, चालेल. चौदा वर्षांपूर्वी आलो तेव्हा मिस्साचं मीस झालं, रोझरीचं तेर्स आणि पापनिवेदनाचं कुमसार. सगळं तोंडात बसलं. विचार मात्र अजून मराठीतच करतो, म्हणून इथे लिहितोय. दुसरं कारण असं की कोंकणीत लिहिलं तर गावाला कळेल.

आमच्या वाड्यावर सायबीण फिरतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मारिया मातेची मूर्ती रोज संध्याकाळी गाणी म्हणत एका घरातून पुढच्या घरी नेतात. तिथे वाडा जमतो, तेर्स म्हणतात, मग लादाईन (मारियेच्या नावांची गायलेली विनवणी), मग खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले उकडलेले चणे, आणि ज्यांना हवी त्यांना फेणी. बुधवारी ती आमच्याकडे येणार. आमच्या घरी तेर्स चालवायचे ते माझे सासरे. गेल्या पावसात ते वारले. आता घरातला पुरुष म्हणून मी चालवायचं, हे कुणी न सांगताच ठरलेलं आहे.

अडचण अशी आहे की माझा विश्वास राहिलेला नाही.

मोठं काही घडलेलं नाही. मूल दगावलं, देवाने ऐकलं नाही, असलं काही नाही. जुना फोन नंबर विसरतो तसं झालं. एक दिवस आठवायला गेलो तर आठवेना. रविवारी मीसाला जातो, गुडघे टेकतो, कोमुन्यांव (मीसातला पवित्र भाकरीचा प्रसाद) मात्र दोन वर्षं घेतलेलं नाही. बायकोला वाटतं मी काहीतरी पाप लपवतोय. तसं असतं तर सोपं होतं.

मागच्या आठवड्यात रात्रीचं तेर्स चालू होतं. मी ओठ हलवत होतो, डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या पाळीला दोन माणसं कमी पडतात त्याचा हिशेब. संपल्यावर मुलाने रिवाजाप्रमाणे बेसांव (आशीर्वाद) मागितलं, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हळूच म्हणाला, "पप्पा, तुझा आवाज येत नाही. नुसते ओठ हलतात." वय तेरा. दोतोर्नला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जातो, या वर्षी त्याचं क्रिज्म आहे. (वसईत आपण दृढीकरण म्हणतो, मोठं होताना आपला विश्वास पक्का करायचा संस्कार.)

त्यात विनोद असा की परवा स्कूटरची किल्ली हरवली आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या तोंडून निघालं, "सांत आंतोना, दाखव बाबा." किल्ली हेल्मेटमध्ये. स्वतःचाच इतका राग आला की सांगता सोय नाही.

तर प्रश्न: बुधवारी मी काय करू? तेर्सची सुरुवातच 'सत मानतां हांव' ने होते. मी विश्वास ठेवतो. पन्नास घरांसमोर मी ते खोटं म्हणू?

---

मापशेकर (रविवार, रात्री ११:२५)

दादा, मी हिंदू, म्हणून बोलू का नको असं झालंय. पण बोलतो.

आमच्या म्हापशात ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं. माझी आजी तेल घेऊन जायची, आई जाते, मीही जातो. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. रांगेत अर्धे आमचे, अर्धे तुमचे. मला आजवर तिथे कुणी विचारलं नाही की तुझा हिच्यावर विश्वास आहे का. मीही स्वतःला विचारलेलं नाही. तेल ओतायचं, हात जोडायचे, बाहेर येऊन खाजें विकत घ्यायचं.

हे फक्त तुम्हालाच का विचारलं जातं, हे मला खरंच समजत नाही. चेष्टा नाही.

---

वसईकर_सासष्टीत (रविवार, रात्री ११:५०)

@मापशेकर, चेष्टा कसली, नेमकं तिथेच दुखतंय. तुमच्याकडे तेल ओतलं की काम झालं. आमच्याकडे ओतण्याआधी सही करावी लागते. दर रविवारी उभं राहून 'मी विश्वास ठेवतो' म्हणायचं, तेही प्रथमपुरुषी एकवचनी. नमान मारिये (मण्यामण्याला म्हणतात ती मारियेची प्रार्थना) मी म्हणू शकतो, ती विनवणी आहे. विनवणी खोटी ठरत नाही. पण 'सत मानतां' हे विधान आहे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातलं.

---

तर्कटराव (सोमवार, सकाळी ७:१०)

सरळ सांगून मोकळे व्हा. एकविसाव्या शतकात मूर्तीसमोर मणी मोजायची सक्ती कोण करतंय? ज्या धर्माने याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत (मधली चारेक वर्षं सोडली तर) इन्क्विझिशन चालवलं, माणसांच्या मनात काय आहे ते तपासायला कोर्ट बसवलं, त्या धर्मापुढे तुम्ही आज स्वतःहून पिंजऱ्यात उभे राहताय. गंमत आहे.

---

सासष्टीची_सून (सोमवार, सकाळी ९:३०)

तर्कटराव, दर धाग्यावर एकच बिस्किट बुडवता. इतिहास खरा आहे, पण यांच्याकडे बुधवारी पन्नास माणसं येणार आहेत, त्याचं बोला.

वसईकर, मी तुमच्यासारखीच, बाहेरून आलेली. सावंतवाडीची. सांगू का, सायबीण घरी येते तेव्हा श्रद्धा तपासायला कुणी येत नाही. पडदे तपासतात. ओटरीपासून मागल्या दारापर्यंत घर झाडायचं, वेदी मांडायची, फुलं, मेणबत्त्या, चार किलो चणे रात्री भिजत घालायचे, शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागायच्या. हे सगळं कोण करतंय तुमच्या घरी? तुमची बायको आणि सासूबाई ना? तिच्या विश्वासाबद्दल तिला कुणी विचारलंय का? आमच्याकडे पुरुषांचा विश्वास डळमळला की धागा निघतो. बाईचा डळमळला तरी चणे भिजत घालावेच लागतात.

आणि लादाईन तर लॅटिनमध्ये. 'ओरा प्रो नोबिस' शंभरदा म्हणतात, अर्थ वाड्यावर दोघांना माहीत असेल. सुरुवातीचं 'किरिये एलेइसों' तर लॅटिनही नाही, ग्रीक आहे, हे मला आमच्या व्हायोलिनवाल्या तियूने सांगितलं. न समजता म्हटलेलं चालतं, मग न मानता म्हटलेलं इतकं का टोचतंय तुम्हाला?

(चिडून लिहिलं नाही हं. थोडं चिडून लिहिलं.)

---

नगरी_चहा (सोमवार, दुपारी १:१५)

मी वास्कोत राहतो, मूळ अहमदनगरचा, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे सायबीण नाही, मणी नाहीत, संत आंतोनही नाही. किल्ली हरवली तर आम्ही शोधतो. :)

सासष्टीची_सून यांच्याशी असहमत. टोचायलाच पाहिजे. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं की विश्वास वारशाने मिळत नाही, प्रत्येकाने स्वतः घ्यायचा असतो. आणि जे घ्यायचं ते नाकारताही येतं. नाहीतर घेण्याला अर्थ काय?

ना. वा. टिळकांचं घर आठवा. १८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला त्यांच्याजवळ आल्या तेव्हाही आपलं सोवळं सांभाळून. पुढे १९०० च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या डोक्याने, जातिभेद माणसाने केलाय हे त्यांचं त्यांना पटल्यावर. त्यांनी नवऱ्यासाठी ओठ हलवले असते तर संसार पाच वर्षं आधी सुरळीत झाला असता, आणि आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नसतो.

बुधवारचं मला ठाऊक नाही. पण मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याने तुम्हाला पकडलंय. त्याला खरं सांगा. पन्नास घरांचं नंतर बघू.

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:०५)

ड्यूटीवर आहे, तुटक लिहिते. बांबोळीला मोठ्या रुग्णालयात परिचारिका.

इथून जवळच फुलांचो खुरीस आहे. रात्री अकरालाही तिथे मेणबत्त्या असतात. हिंदू, ख्रिस्ती, सगळे. वॉर्डातून नातेवाईक उठून जातात, हाताला मेणाचा वास घेऊन परत येतात. मी विश्वास मोजायला गेले नाही कधी, पण एक बघते. ख्रिस्ती घरातले लोक पाद्रीला बोलवायला घाबरतात. आजाऱ्याला तेल लावायचा जो संस्कार आहे तो पूर्वी शेवटचा मानायचे. व्हॅटिकन परिषदेनंतर त्याचं नाव बदललं, तो कुठल्याही गंभीर आजारात घेता येतो. तरी घरचे म्हणतात, नको, पाद्री दिसला की पाय (म्हणजे बाप) समजेल आता संपलं. म्हणजे बघा, संस्कारावर इतका विश्वास की त्याची भीती वाटते, आणि इतका अविश्वास की तो बरं करेल असं कुणालाच वाटत नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच खाटेशेजारी.

मदर तेरेझांची पत्रं २००७ ला छापली गेली तेव्हा आमच्या होस्टेलवर केवढा गोंधळ. जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार, देव आहे असं जाणवत नाही. आमची एक सिस्टर रडली होती. मला मात्र बरं वाटलेलं. सकाळी उठून जखमा धुवायला त्या गेल्याच ना. खाट क्र. ९ ची बेल वाजतेय.

---

अर्धी_वाट (मंगळवार, सकाळी ६:४५)

सेमिनरीत पाच वर्षं काढून बाहेर आलेला माणूस. आता मडगावात हिशेबनीस. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

१. येशूच्या संशयी शिष्याचं, थॉमसचं उदाहरण कुणी दिलं नाही याबद्दल सर्वांचे आभार. प्रवचनात तोच तो ऐकून कान किटले. फक्त एक भर: येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो पुन्हा उठला हे मानणार नाही म्हणणारा थॉमस तोच, जो त्याच शुभवर्तमानात आधी म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. योहान, अध्याय ११. संशय घेणारा माणूस कोरडाच असतो असं नाही.

२. पास्काल नावाचा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. ज्याला मानायचंय पण मानता येत नाही त्याला तो सांगतो: मानणारे करतात तसं कर. पवित्र पाणी घे, मिस्सा म्हणवून घे. हळूहळू होईल. मला हा सल्ला कधी आवडला नाही. त्यात माणसाला वळण लावायच्या बैलासारखं धरलंय. पण गोव्यातली निम्मी लोकं याच मार्गाने चालतात, पास्काल न वाचता.

३. संत इग्नात्युस, आपल्या गोंयच्या सायबाचा (संत फ्रान्सिस झेवियरचा) गुरू, याचा नियम जास्त कामाचा: मन उजाड असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. बघा, तो 'विश्वास ठेव' म्हणत नाही. 'आत्ता फर्निचर हलवू नकोस' एवढंच म्हणतो. (मी तो मोडला. सेमिनरी सोडली ती ऐन उजाड महिन्यात. पश्चात्ताप नाही, पण नियम बरोबर होता.)

४. तुमचा एकवचनाचा मुद्दा. ३२५ साली नीकायाच्या परिषदेत बिशपांनी जो मतांगिकार ('मी विश्वास ठेवतो' हीच कबुली) लिहिला त्याचं मूळ ग्रीक क्रियापद अनेकवचनी आहे: आम्ही विश्वास ठेवतो. एकवचन नंतर उपासनेत आलं. तेव्हा बुधवारी मनात 'आम्ही' म्हणा. वाडा मानतोय, तुम्ही वाड्यातले.

५. मार्क, अध्याय ९. आजारी मुलाला घेऊन आलेला बाप. मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला मदत कर, अशा अर्थाचं ओरडतो. येशू त्याला अमुक टक्के भरलं की मग ये असं सांगत नाही. मुलाला बरं करतो. तुमच्या धाग्यातही बाप आणि मुलगाच आहे म्हणून आठवलं.

---

वसईकर_सासष्टीत (मंगळवार, दुपारी २:२०, जेवणाच्या सुट्टीत)

@अर्धी_वाट, क्र. ४ वकिली आहे. तेर्समध्ये म्हणतात तो नीकायाचा नव्हे, प्रेषितांचा. तो पहिल्यापासून एकवचनीच. हिशेबनीस आहात, आकडा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलात. क्र. ३ मात्र वहीत लिहून घेतला.

@सासष्टीची_सून, चणे मी भिजत घातले. चार नव्हे, पाच किलो. बायकोने संशयाने बघितलं.

@रात्रपाळी, तुमचं वाचून एक आठवलं. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ जुन्या गोव्यात सायबाच्या शवाचं प्रदर्शन होतं, दहा वर्षांनी एकदा होतं ते. सासूबाईंना घेऊन गेलो होतो. रांगेत त्या कागदाची घडी हातात घट्ट धरून. आत अकरा नावं: कोण आजारी, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाचा व्हिसा. काचेजवळ पोचल्या आणि स्वयंसेवक म्हणाला, चला, पुढे चला. सातपर्यंतच वाचून झाली होती. बाहेर आल्यावर मला वाटलं आता रडतील. त्यांनी बसमध्ये चष्मा लावला आणि उरलेली चार नावं खिडकीकडे तोंड करून वाचली, जुनें गोंय मागे पडेपर्यंत. मी काचेतलं ते छोटंसं सुकलेलं शरीर बघितलं आणि मला काहीही वाटलं नाही. ती बसमधली चार नावं मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. याला काय म्हणायचं? विश्वास तर नाही.

बुधवारी तेर्समध्ये गौरवाची रहस्यं (मनन करायचे प्रसंग) असतात. पहिलंच येशूचं पुनरुत्थान. म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यात अवघड जिना.

---

तर्कटराव (मंगळवार, दुपारी ३:००)

याला सासूवरचं प्रेम म्हणतात. देवाला मध्ये आणायची गरज नाही.

---

मापशेकर (मंगळवार, दुपारी ३:१२)

तर्कटराव, सासूवर प्रेम? तुम्ही चमत्कार मानत नाही असं वाटलं होतं.

---

नगरी_चहा (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

मुलाशी बोललात का?

---

वसईकर_सासष्टीत (गुरुवार, रात्री ९:५०)

उशीर झाला. सांगतो.

मंगळवारी रात्री बलकांवावर (पुढच्या ओसरीवर) मुलाला बसवलं. सांगितलं की तुझं बरोबर होतं, मी नुसते ओठ हलवतो. मला आता देव आहे असं वाटत नाही, पण नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. तुम्ही म्हणता तेव्हा मला उठून जावंसं वाटत नाही, म्हणून बसतो. तो बराच वेळ पायाने स्लिपर उलटी-सुलटी करत होता. मग म्हणाला, "मम्मीला माहीत आहे?" म्हटलं, नाही. "मग तिला सांग. मी का लपवू?" बरोबर होतं. रात्री बायकोला सांगितलं. ती भांडली नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतेय तुझ्या पापासाठी. वेगळ्या कारणासाठी करायला हवी होती." आणि पाठ फिरवून झोपली. अजून नीट बोलत नाही.

बुधवारी सकाळी सासूबाईंना म्हटलं, मांय, सुरुवात तुम्ही करा, नंतरचं मी धरतो. कारण विचारलं नाही. त्यांना बायकोने सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

संध्याकाळी सायबीण आली. पोरं पुढे, दिव्यांची माळ, मागे व्हायोलिन. मूर्ती वेदीवर ठेवली. सासूबाईंनी 'सत मानतां' सुरू केलं, वाड्याने धरलं, मी उभा. ओठही हलवले नाहीत. शेजारचा तियू बघत असावा असं वाटलं. नंतर कळलं तो माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होता, तो लचकतोय म्हणून. मग मी पहिलं नमान मारिये धरलं. घशातून आवाज निघेना. सासूबाई शेजारून, मूर्तीवरची नजर न काढता: "मात्शें व्हडान म्हण रे." (जरा मोठ्याने.) मग निघाला. सगळी त्रेपन्न म्हटली. पहिल्या रहस्याला अडखळलो, 'पुनरुत्थान' म्हणून दोन सेकंद गप्प. लोकांना वाटलं सासरे आठवले. आठवले होतेही.

विश्वास परत आला का? नाही. उगाच कुणी तसं वाचू नका. मधेच चौथ्या दशकात (दहा मण्यांच्या चौथ्या फेरीत) पाळीचा हिशेबही डोक्यात आला होता. पण आवाज माझा होता.

@सासष्टीची_सून, पाच किलोमधले दीड किलो चणे उरलेत. उद्या डब्यात, परवा डब्यात.

---

सासष्टीची_सून (गुरुवार, रात्री १०:१५)

कांदा घालून परता. बायकोला आधी वाढा.

---

नगरी_चहा (गुरुवार, रात्री १०:३०)

आणि मुलगा?

---

वसईकर_सासष्टीत (गुरुवार, रात्री १०:४२)

सगळे गेल्यावर खुर्च्या उचलताना विचारतो, "पप्पा, तू म्हणत नाहीस तर मग माझं क्रिज्म कॅन्सल करता येईल? शनिवारी फुटबॉल असतो."

म्हटलं, तुला पटत नाही म्हणून की फुटबॉलसाठी?

म्हणाला, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. शनिवारी दोतोर्नला सोडायला मीच जाणार आहे, स्कूटरवर. तेव्हा विचारतो.